सैपाक होईस्तोवर लेकरू कुठे?

संध्याकाळी वावरातून आलं, हातपाय धुतले, चूल पेटवली, की घरातलं लहान लेकरू नेमकं तेव्हाच रडायला लागतं. दिवसभर आजीजवळ नाहीतर अंगणवाडीत गुमान राहिलेलं असतं, पण मायनं कणिक भिजवायला घेतली की पदर सोडत नाही. आमच्या आंजी मोठीच्या गटात हा विषय निघाला, तेव्हा बचतीचा हिशेब बाजूला राहिला आणि बराच वेळ हेच बोलणं चाललं. वर्धा-आर्वी रस्त्यावरचं आमचं गाव. कोणाकडे गॅस, कोणाकडे चूल, कोणाकडे दोन्ही. पण तक्रार सगळ्यांची एकच निघाली. म्हणून आज त्या दीड तासाबद्दल बोलू.

आधी हे समजून घेऊ की लेकरू त्याच वेळी का चिकटतं. ते हट्टी असतं म्हणून नाही. ते थकलेलं असतं, भुकेलेलं असतं, आणि दिवसभर न दिसलेली माय आत्ता कुठे घरात आली असते. त्याला माय पाहिजे, आणि मायला पंधरा पोळ्या लाटायच्या आहेत. शिवाय घरातली सगळ्यात रंगीत जागा सैपाकघर. आवाज, वास, विस्तव, पाणी, डबे, सगळं तिथंच. लेकराला तिथून हाकलणं म्हणजे जत्रेतून हाकलणं.

मग आपण काय करतो? कोणी मोबाईल हातात देतं. कोणी मोठ्या पोरीला अभ्यासातून उठवतं. कोणी दार लोटून कडी लावतं. खाटेच्या पायाला ओढणीनं बांधून ठेवणाऱ्याही बाया आहेत, आणि त्यांना नावं ठेवण्याआधी घरात दुसरं माणूस नसलेल्या बाईनं काय करावं ते सांगा. कडेवर घेऊन एका हातानं फोडणी देणाऱ्या तर आपल्यातल्या कितीतरी जणी. या सगळ्यात जास्त धोक्याचं कोणतं म्हणाल, तर हे शेवटचं. गरम तेलाचा थेंब उडाला की मायच्या हातावर पडतो तिथंच लेकराच्या गालावर पडतो, आणि लेकराची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते. आपल्याला चटका बसेल एवढ्याच उष्णतेनं त्याला खोल भाजतं. वरून चुलीचा धूर थेट त्याच्या तोंडावर जातो. लहान लेकरांना निमोनिया होण्यामागे घरातला धूर हे एक मोठं कारण आहे, हे डॉक्टर मंडळी वर्षानुवर्षे सांगत आली आहेत.

लहानपणी भाजल्याचा डाग अंगावर असलेलं माणूस आपल्या प्रत्येकीच्या ओळखीचं आहे. कोणाच्या पाठीवर, कोणाच्या हाताची बोटं चिकटलेली. विचारलं तर बहुतेक एकच सांगतात, माय सैपाक करत होती आणि मी जवळ गेलो. म्हणून लेकराला गुंतवायचं कसं हे सांगण्याच्या आधी त्याची जागा कोणती, ते सांगतो.

जागा मायच्या समोर पाहिजे, नाहीतर बाजूला. पाठीमागे कधीच नाही. पाठीमागचं लेकरू आपल्याला दिसत नाही, आणि गरम वरणाचा गंज सांडशीत धरून आपण वळलो की ते नेमकं पायात येतं. शिवाय त्याला आपलं तोंड दिसलं पाहिजे. तोंड दिसत राहिलं की निम्मं रडणं कमी होतं. चुलीपासून किमान तीन हात अंतरावर रोज एकाच ठिकाणी एक पोतं नाहीतर जुनी सतरंजी अंथरा आणि मध्ये खडूनं रेघ ओढा. दोन वर्षांच्या लेकराला रेघ समजत नाही असं म्हणतात, पण रोज तीच रेघ, रोज तोच शब्द, आणि ओलांडली की रोज न रागावता उचलून परत जाग्यावर, असं केलं तर पंधरा दिवसांत कळायला लागतं. तरी रेघेवर भरवसा ठेवून अंगणात जायचं नाही. ती आठवण देण्यापुरती आहे.

आता चुलीचं पाहू. आपल्याकडे जळण म्हणजे पऱ्हाट्या नाहीतर तुऱ्हाट्या. लांब काडी चुलीबाहेर हातभर डोकावत असते, आणि लेकराला ती ओढावीशी वाटणारच. ओढली की पेटतं टोक बाहेर. म्हणून काड्या दुपारीच मोडून लहान करून ठेवा. सैपाक झाल्यावर चूल विझली असं वाटतं, पण वरून पांढरी राख आणि खाली निखारे असतात, ते कितीतरी वेळ धगधगत राहतात. रांगणारं लेकरू त्या राखेत हात घालतं. शेवटी चुलीच्या तोंडाशी पाटा, विटा, काहीतरी आडवं लावलंच पाहिजे.

गॅसवाल्यांनाही सांगणं आहे. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये सुरू झाली आणि गावात शेगड्या आल्या, पण ओटे आले नाहीत. कितीतरी घरात शेगडी जमिनीवरच आहे. म्हणजे उकळत्या चहाचं भांडं लेकराच्या छातीच्या उंचीवर. सिलिंडरपेक्षा शेगडी उंच पाहिजे हा तर नियमच आहे. चार विटा आणि एक फरशी यावर भागतं, मोठा खर्च नाही. भांड्याचा दांडा भिंतीकडे वळवून ठेवा. आणि चहाचा कप. ओतून पंधरा मिनिटं झाल्यावरसुद्धा त्यानं लेकरू भाजू शकतं. पाहुणे आले, कप खाली ठेवला, बोलण्यात लक्ष गेलं, तेवढं पुरतं.

एवढं करूनही भाजलंच तर काय करायचं? वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटं. नळ नसेल तर मगानं ओतत राहा. बर्फ नाही, साधं पाणी. वीस मिनिटं फार वाटतात, लेकरू किंचाळत असतं, शेजारीण म्हणते बस झालं. तरी ओतत राहायचं, कारण आतली कातडी भाजतच राहते, तिला थंड व्हायला वेळ लागतो. फक्त भाजलेल्या भागावर पाणी, बाकी अंग कपड्यानं झाकून उबदार ठेवा. हातातलं कडं, पायातले वाळे लगेच काढा, सूज आली की निघत नाहीत. कपडा कातडीला चिकटला असेल तर ओढू नका. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, बटाट्याचा कीस यातलं काही लावू नका. त्यानं उष्णता आत कोंडते, जखम चिघळते आणि दवाखान्यात ते खरवडून काढताना लेकराला दुप्पट त्रास होतो. मग स्वच्छ, मऊ, सुती कपड्यानं सैल झाकून दवाखाना गाठा. लेकराच्या स्वतःच्या तळहातापेक्षा मोठं भाजलं असेल, किंवा तोंड, हात, पाय, सांधे, लघवीची जागा भाजली असेल, तर थोडंसं वाटलं तरी घरी थांबायचं नाही. १०८ नंबरला फोन करा. आपल्याकडे आंजीला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, आणि सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं कस्तुरबा ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्रही इथंच आहे. दुसऱ्या गावच्या ताईंनी आपलं जवळचं केंद्र आणि तिथं रात्री कोण असतं हे आजच विचारून ठेवावं.

पाण्याचंही एक वाक्यात सांगतो. नुकतं उभं राहायला लागलेलं लेकरू बादलीत डोकावतं, डोकं जड असल्यानं तोल जातो, आणि वीतभर पाण्यातही ते आवाज न करता बुडतं. म्हणून सैपाकाच्या वेळी बादली रिकामी नाहीतर झाकलेली. घासलेट, फवारणीचं औषध कधीच पाण्याच्या नाहीतर थंड पेयाच्या बाटलीत भरू नका. कापसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. चुकून प्यालंच तर उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका, बाटलीसकट दवाखान्यात न्या.

झालं. आता खऱ्या विषयावर येऊ.

चूल पेटवायच्या आधी दहा मिनिटं लेकराला द्या. पूर्ण दहा मिनिटं, हातात विळा नाही, फोन नाही. मांडीवर घ्या, दिवसभर काय केलं ते विचारा, बोलता येत नसेल तर तुम्हीच बोला, आणि हातात भाकरीचा तुकडा, केळं, नाहीतर वरणाचं पाणी द्या. आमच्या गटात यावर वाद झाला. एक ताई म्हणाली, दहा मिनिटं असती तर रडणं कशाला होतं? बरोबर आहे तिचं. पण रडणाऱ्या लेकराला दर तीन मिनिटांनी उठून उचलण्यात जो वेळ जातो तो मोजून पाहा. पोटात थोडं काही असलेलं आणि मायला भेटून झालेलं लेकरू जास्त वेळ खेळतं. हे आम्ही करून पाहिलं, आणि आमच्यातल्या बहुतेकींना पटलं. सगळ्यांना नाही.

दुसरी गोष्ट अशी की लेकराला खेळणं नको असतं, काम पाहिजे असतं. तुम्ही जे करता तेच त्याला करायचं असतं. प्लास्टिकची गाडी दिली तर पाच मिनिटांत फेकतं आणि तुमच्या हातातलं बेलणं मागतं. हे काही आम्ही शोधलेलं नाही. आपल्या जिल्ह्यातच, सेवाग्रामला, १९४५ च्या जानेवारीत नई तालीमची परिषद झाली. त्यानंतर शाळेच्या आधीच्या वयाच्या लेकरांसाठी पूर्व-बुनियादी शिक्षणाचा विचार पुढे आला, आणि त्यात सफाई, पाणी, धान्य निवडणं, सैपाकातली छोटी कामं हाच लेकरांचा अभ्यास मानला गेला. आजही सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत मुलं शेती आणि सैपाक करत शिकतात. त्याच काळात, १९४५ मध्येच, ताराबाई मोडक यांनी ठाणे जिल्ह्यात बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली आदिवासींच्या वस्तीत. महागडी साधनं परवडत नव्हती, म्हणून बिया, शिंपले, खडे, पानं, माती हेच त्यांनी साधन केलं. लेकरं बालवाडीत येत नव्हती तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, आणि अंगणवाडी हा शब्द तिथून आला. आपण रोज जो शब्द उच्चारतो तो एका बाईनं अशा अडचणीतून काढलेला आहे, म्हणून सांगितलं.

आता कोणत्या वयाला काय. सहा महिने ते वर्षभराचं लेकरू बसतं, रांगतं, हाती येईल ते तोंडात घालतं. त्याला काम जमत नाही, पण भांडी जमतात. दोन स्टीलच्या वाट्या, एक लाकडी चमचा, एक घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात मूठभर तूर. झाकण खरंच घट्ट पाहिजे, वरून कापड बांधून शिवून टाकलं तर उत्तम. डबा हलवला की आवाज येतो, आणि तो आवाज आपण केला हे कळण्यात त्याला किती आनंद असतो ते पाहण्यासारखं असतं. आवाजानं आपलं डोकं उठतं, हे मान्य. पण आवाज येतोय म्हणजे लेकरू जाग्यावर आहे. आवाज बंद झाला की मान वर करून बघायचं.

दीड-दोन वर्षांचं लेकरू भरायचं आणि ओतायचं या एकाच खेळात रमतं. एका टोपलीतून दुसऱ्या टोपलीत बटाटे, कांदे, वांगी टाकू द्या. परत उलटं करू द्या. तुम्हाला कंटाळा येईल, त्याला येत नाही. इथं एक नियम कडक पाळा: त्याच्या तोंडात पूर्ण मावेल अशी कोणतीही वस्तू त्याच्या हाती द्यायची नाही. सुटी तूर, हरभरा, चिंचोके, शेंगदाणे, गुंड्या, सागरगोटे, काही नाही. ही लेकरं दाणे नाकात घालतात, कानात घालतात, आणि घशात अडकला तर श्वास बंद होतो. अख्खा शेंगदाणा आणि फुटाणे तर पाच वर्षांपर्यंत खायलाही देऊ नयेत, कूट करून द्यावं. घशात काही अडकलं तर पाठीवर कसं थोपटायचं ते आशाताईकडून नाहीतर नर्सबाईंकडून हातानं करून शिकून घ्या. आंधळेपणानं तोंडात बोट घालू नका, वस्तू आणखी आत जाते.

या वयाचं लेकरू एका गोष्टीत फार तर पाच-सात मिनिटं टिकतं. म्हणून सगळं एकदम समोर मांडायचं नाही. आमच्यातली एक ताई एका पुठ्ठ्याच्या खोक्यात चार-पाच वस्तू ठेवते. कापडाचा चेंडू, जुन्या झाकणांची जोडी, रंगीत चिंध्या, लाकडी फिरकी. खोका सैपाकाच्या वेळीच खाली येतो, सैपाक झाला की वर फळीवर जातो. दिवसभर दिसत नाही म्हणून संध्याकाळी नवा वाटतो. एका वेळी एकच वस्तू काढायची, ती फेकली की दुसरी. पैसा लागत नाही, फक्त खोका लपवायला जागा लागते.

तीन वर्षांचं झालं की खरी मजा. कणकेचा गोळा द्या. लिंबाएवढा नाही, चांगला वांग्याएवढा. आणि ताट उपडं करून द्या, तेच त्याचं पोळपाट. आधी तो नुसता दाबतो, मग साप करतो, मग चिमणी, आणि चार वर्षांचं होईस्तोवर वाकडीतिकडी पोळी लाटायला लागतो. ज्वारीचं पीठ यासाठी चालत नाही, भुगा होतं; गव्हाचीच कणिक पाहिजे. सैपाकाच्या शेवटी त्याची ती वाकडी पोळी तव्यावर टाका आणि त्याच्या ताटात वाढा. जे लेकरू रोज दोन घासांवर उठतं ते स्वतःची पोळी शेवटपर्यंत खातं. कणिक मळण्यानं, दाबण्यानं बोटांत जी ताकद येते, तीच पुढे पेन्सिल धरायला कामी येते. पिठाची नासाडी होते म्हणून सासूबाई बोलल्या तर त्यांना हे सांगा. आणि हात आधी धुवायचे, कच्ची कणिक खाऊ द्यायची नाही.

भाजी निवडायला बसवा. मेथी, अंबाडी, चवळी, जी असेल ती. पान एका बाजूला, काडी एका बाजूला. पहिल्या दिवशी काड्या भाजीत जातील आणि पानं उकिरड्यावर. आठ दिवसांनी जाणार नाहीत. वेगळं करणं, जोडी लावणं, लहान-मोठं ओळखणं, हेच तर अंगणवाडीताई शिकवतात. चार-पाच वर्षांच्या लेकराला हिवाळ्यात तुरीच्या हिरव्या शेंगा सोलायला द्या. सोले वाटीत पडताना मोजायला लावा. दहापर्यंत मोजणं आमच्या कितीतरी पोरांना असंच आलं. मिरची आणि चिरायचं काम मात्र द्यायचं नाही. मिरचीचा हात डोळ्याला लागला तर सैपाक तिथंच थांबतो. पाच वर्षांच्या लेकराला ताटं मांडायचं, पेले ठेवायचं काम कायमचं देऊन टाका. पोरगा असला तरी. खरं तर पोरगा असला तर नक्कीच.

पाणी सगळ्या वयांना आवडतं. उन्हाळ्यात परातीत दोन बोटं पाणी, एक पेला, एक चाळणी. अर्धा तास निघतो. पण तुम्ही समोर असतानाच, आणि उठताना परात रिकामी करूनच.

हात कामात असले तरी तोंड मोकळं असतं. ते वापरा. आता काय करते माय? कांदा चिरते. कांदा कसा, गोल. डोळ्यात काय आलं, पाणी. असं नुसतं बोलत राहिलं तरी लेकरू ऐकतं. पहिल्या तीन वर्षांत मेंदू सगळ्यात झपाट्यानं वाढतो, आणि शब्द माणसाच्या तोंडून ऐकूनच येतात. आपल्याला भुलाबाईची गाणी येतात, कोडी येतात, आजीच्या कहाण्या येतात. टीव्हीतल्या बाईपेक्षा लेकराला मायचा आवाज आवडतो, बेसूर असला तरी.

हे सगळं सोडून मोबाईल का देऊ नये, हा प्रश्न बैठकीत तरुण सुनांनी विचारला. मोबाईल दिला की लेकरू हलत नाही, भाजायची भीती नाही, मग वाईट काय? प्रश्न रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं की दोन वर्षांपर्यंत पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या लेकरानं दिवसाला एक तासापेक्षा जास्त पाहू नये, कमी असेल तेवढं बरं. आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांचं सांगणंही तसंच आहे. कारण मोबाईल बोलतो पण उत्तर ऐकत नाही. लेकरानं बोट दाखवलं, काहीतरी म्हटलं, तर माय हो म्हणते. मोबाईल पुढेच जातो. आणि रोजच्या सैपाकाला मोबाईल दिला की मग जेवतानाही लागतो, झोपतानाही लागतो. ते सोडवणं चुलीपेक्षा अवघड. तरीही एखाद्या दिवशी ताप आहे, पाहुणे आहेत, घरात कोणी नाही, आणि दिला अर्धा तास, तर त्याचं फार मनाला लावून घेऊ नका. रोजची सवय आणि एखादा दिवस यात फरक आहे.

यापेक्षा आम्हाला जास्त खुपतं ते मोठ्या पोरीचं. आठ-नऊ वर्षांची पोरगी शाळेतून आली की धाकटं तिच्या कडेवर. माय सैपाक करते, पोरगी लेकरू सांभाळते, आणि अभ्यास रात्री झोप येताना. निंदणाच्या, कापूस वेचणीच्या दिवसांत तर ती शाळेलाच जात नाही. कोसबाडला ताराबाईंनी हेच पाहिलं होतं. भावंडं सांभाळावी लागतात म्हणून मोठी पोरं शाळेत येत नाहीत, तेव्हा त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी आणली. घरात एवढं तरी करता येईल की तिचा एक तास ठरवून मोकळा ठेवायचा. त्या तासात तिला हाक मारायची नाही, दूध उतू गेलं तरी.

मग हाक कोणाला मारायची? घरात आणखी माणसं असतात. केंद्र सरकारनं २०१९ मध्ये लोक वेळ कसा घालवतात याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो असं दिसलं, आणि पुरुषांचा ९७. त्यातही घरकाम करणारे पुरुष मुळातच थोडे. वावरातून दोघं सोबत येतात. एक चुलीपुढे बसते आणि एक पारावर जातो. आम्ही म्हणत नाही की उद्यापासून त्यांनी पोळ्या लाटाव्या. लाटल्या तर चांगलंच. पण लेकराला घेऊन अर्धा तास अंगणात फिरणं, गाईला चारा टाकताना सोबत नेणं, हे बाप नाहीतर आबाजी करू शकतात. मागायची पद्धत मात्र बदलावी लागते. याला जरा घ्या हो, असं म्हटलं की दोन मिनिटांत लेकरू परत. सैपाक होईस्तोवर हे तुमच्याकडे, असं रोजचं ठरवून टाकलं की मग ते त्यांचं काम होतं. आमच्या गटातल्या तिघींच्या घरी हे जमलं. एकीच्या घरी चार दिवस चाललं आणि बंद पडलं, ती पुन्हा प्रयत्न करते आहे.

ज्यांच्या घरी दुसरं माणूसच नाही, त्यांच्यासाठी पाळीची गोष्ट. रोजगार हमीच्या कायद्यात तरतूद होती की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरं आली, तर त्यांना सांभाळायला एका बाईला बसवायचं आणि तिला मजुरी द्यायची. म्हणजे लेकरं सांभाळणं हे काम आहे, हे कायद्यानंही मानलं. हेच आपल्या गल्लीत बिनपैशाचं करता येतं. एका गल्लीतली चार-पाच घरं. आज माझ्या अंगणात सगळी लेकरं एक तास, मी सैपाक आधी नाहीतर नंतर करते. उद्या तुझ्या अंगणात. आठवड्यातून एकदा पाळी येते आणि बाकीच्या दिवशी हात मोकळे. आम्ही हे गेल्या वेचणीत सुरू केलं. दोन गोष्टी आधी ठरवल्या, त्यामुळे टिकलं. एक, जिच्याकडे पाळी ती त्या तासात दुसरं कोणतंच काम करणार नाही, दाळ निवडणंही नाही. विहीर, हौद, रस्ता जवळ असला तर फाटक लावूनच बसायचं. दुसरं, लेकरू आजारी असलं, खोकत असलं तर त्या दिवशी आणायचं नाही. भांडणं झाली ती खाऊवरून. मग कोणीच खाऊ आणायचा नाही असं ठरलं. गटाच्या वहीत बचतीच्या पानामागे पाळीचं पान आहे. तुमच्या गावात करायचं असेल तर पाच घरांपेक्षा जास्त घेऊ नका, लेकरं आवरत नाहीत.

बऱ्याच जणींनी विचारलं की लाईट गेली तर काय. सैपाकाच्या वेळीच जाते, अंधाराला लेकरू घाबरतं आणि थेट चुलीपाशी येतं, कारण उजेड तिथंच असतो. त्यासाठी बॅटरी चार्ज करून ठरलेल्या खिळ्याला टांगून ठेवा, मेणबत्ती आणि चिमणी लेकराच्या घरात नकोच. लाईट गेली की आधी बॅटरी त्याच्या पोत्याजवळ लावा, चुलीजवळ नाही. समोरच्या भिंतीवर हाताची सावली पाडून दाखवा. ससा, कुत्रा, उडणारं पाखरू. एकदा दाखवलं की मग ते स्वतःच हात हलवत बसतं. आमच्या इथल्या एका लेकराला आता लाईट गेली की आनंद होतो आणि आली की ते रडतं. त्यावरचा उपाय अजून कोणाला सापडला नाही. तुम्हाला सापडला तर कळवा.